कार्य कोणी केलं?

भानू, तुझं कार्य परवा झालं.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवून एकटाच हसलो. तिसगावच्या शाळेत आपण दोघांनी मिळून जितक्या पोरांना 'कार्य' शिकवलं, त्यांतल्या कोणालाही हे वाक्य दिलं असतं तर त्यानं विचारलं असतं, "सर, बल किती आन् विस्थापन किती?" तुझ्या घरच्यांनी छापलेल्या कार्डावर तर त्याहून मोठा विनोद होता. 'दशक्रिया विधी व उत्तरकार्य'. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापतात तसं, उत्तर आणि पुढे कार्य. तू असतास तर ते कार्ड वर्गात नेऊन फळ्यावर चिकटवलं असतंस. मी नेणार नाही. माझ्याकडून असली कामं होत नाहीत, आणि पोरं तुझ्यावर जीव टाकायची त्याचं एक कारण हेच.

ओढ्याकाठच्या ओट्यावर तुझ्या भावकीतले एक म्हातारबाबा सारखे विचारत होते, "कार्य कोन करनार हाय?" तुला मूलबाळ नाही, म्हणून पुतण्या महेश पुढे बसला. मी मागे, डोक्याला रुमाल बांधून उभा. रशीद तांबोळी, नववी अ चा विज्ञानाचा मास्तर, नववी ब च्या भानुदास सरांचा जन्माचा शेजारी. म्हातारबाबांचा प्रश्न ऐकून माझ्या तोंडाला हसू फुटत होतं, कारण जवळजवळ हाच प्रश्न मी वर्गात विचारत आलो आणि त्यावरून तू मला आयुष्यभर खिजवलंस. हसू दाबलं. दहाव्याला आलेला तांबोळी हसतोय म्हटल्यावर गावात काय काय झालं असतं.

कावळा शिवेना. बाभळीवर तीन-चार बसले होते, पण खाली यायला एकही तयार नाही. महेश म्हणाला, "तात्या, काकीला आमी सांभाळू, काळजी करू नका." कावळे ढिम्म. मग तुझ्या धाकट्या भावानं बांधाबद्दल काहीतरी कबूल केलं. तरी ढिम्म. तेव्हा कोणीतरी माझ्याकडे वळलं. "सर, तुमी जवळचे. तुमी बी काहीतरी बोला की."

तुला काय ऐकायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. 'भानू, तो वाद तू जिंकलास.' एवढं म्हटलं असतं तर झाडावरचे सगळे कावळे एकदम उतरले असते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. जिवंतपणी जे तुला दिलं नाही ते मेल्यावर कशाला द्या?

तेवढ्यात सुमन वहिनी पुढे आल्या. पदर सावरून पिंडाकडे बघत म्हणाल्या, "तुमचा वर्ग रिकामा राहनार न्हाई. निलू घेईल."

आणि कावळा उतरला.

निलू म्हणजे निलोफर. माझी मुलगी. माझी, भानू. माझ्या पोरीचं नाव घेतल्याबरोबर तुझा जीव मोकळा झाला. विज्ञानाच्या मास्तरानं म्हणावं की कावळ्याला भूक लागली असेल, ऊन चढलं होतं, वहिनी पुढे आल्या तेव्हा बाकीची माणसं मागे सरली म्हणून त्याची भीती मोडली. हे सगळं मी मनात म्हटलं. आणि तरीही उभ्या जागी जळून खाक झालो.

हेडसरांनी शाळेच्या अंकासाठी 'दोन शब्द' मागितले होते. ते दिले. 'मितभाषी, विद्यार्थिप्रिय' असं लिहिलं. मितभाषी! अल्ला मला माफ करो. हे दुसरं लिहितोय ते अंकासाठी नाही. तुझ्याशी भांडायची सवय एकदम सुटत नाही, एवढंच.

खरं सांगायचं तर मला तुझा हेवा वाटतो. अजून वाटतो. माणूस गेला की त्याच्याबद्दलचा हेवा जातो असं म्हणतात. ते म्हणणाऱ्यांना तू भेटला नसशील. त्या दिवशी ओढ्यावर कर्जतला दिलेली ती शोभा तान्हं पोर काखेत घेऊन आली होती. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली दोन पोरं कारखान्याच्या फडावरून जीपला लटकून आली होती. टेम्पोवाले, नर्सबाई, एक फौजेतला. सगळे माझ्याही शाळेतले, पण तुझ्या तुकडीतले. माझ्या अ तुकडीतले हुशार पुण्याला गेलेत. त्यांनी मोबाईलवर हात जोडल्याची चित्रं पाठवली. मी गेलो की मलाही तीच पाठवतील.

तो धडा तू कसा सुरू करायचास ते मला पाठ आहे. जुन्या इमारतीत आपले वर्ग शेजारी, मधली भिंत अर्धी आणि वर पत्रा. तुझं सगळं मला ऐकू यायचं.

"कार्य म्हंजी काय रं?" तू विचारायचास.

मग मागून कोणीतरी चाचरत, "लगीन, सर."

"अजून?"

"दहावं बी कार्यच की, सर. आमच्या आज्याचं झालं."

"बराबर. लग्नात नवरदेव हालतो, वऱ्हाड हालतं, ताटं हालतात. दहाव्याला गाव हालतं. हालल्याबिगर कार्य न्हाई. आता ही भित दिसभर ढकला. घाम आला, दम लागला. भित हालली का?"

"न्हाई!"

"मंग कार्य?"

"शून्य!" आणि पत्रा दणाणायचा.

त्याच वेळी भिंतीच्या अलीकडे मी फळ्यावर लिहीत असायचो, बल गुणिले विस्थापन गुणिले मधल्या कोनाचा कोसाइन. त्यात काढायला एक चूक नव्हती. तुझ्या त्या लग्नाच्या व्याख्येत तर भोकंच भोकं होती. नुसतं हालून भागत नाही, बलाच्या दिशेनं हालावं लागतं, हे तू दोन तासांनी सवडीनं सांगायचास. पण तुझ्या पोरांना ते जन्मभर लक्षात राहिलं. माझा पत्रा कधी दणाणला नाही. एकदा वादळात दणाणला होता, त्यात माझा हात नव्हता.

मग हमीदाचं ऑपरेशन झालं. नगरच्या दवाखान्यात तिच्या उशाशी मी महिनाभर बसून होतो आणि माझी अ तुकडी तू सांभाळलीस, स्वतःची ब सांभाळून. वर रोज सकाळी वहिनींनी केलेला डबा तू एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचास आणि मी नगरच्या स्टँडवर तो उतरवून घ्यायचो. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी पिठलं. एकदा डब्यात चिठ्ठी होती, 'वहिनींना म्हणावं घाई करू नका, तुमच्या नवऱ्याची इथं कोणाला आठवण येत नाही.' हमीदा टाके सांभाळत हसली. त्या हसण्यासाठी मी तुझा ऋणी आहे, आणि आपल्या विषयात ऋण म्हणजे वजा, हे तुला सांगायला नको.

कारण परत आलो त्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं आणि पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, तुमची सुट्टी संपली व्हय?" तिच्या आवाजात जे होतं ते दुःख होतं, भानू. मी परत आल्याचं दुःख. माझ्या स्वतःच्या वर्गात.

तुझा आणि माझा तो वाद त्याच दिवशी सुरू झाला. स्टाफरूममध्ये चहा आला होता. तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "रशीदभाई, पोरांना ही कसली सवय लावलीस रं? गणित घातलं की पेन उचलायच्या आधी चार ओळी आखत्यात आन् एकमेकाला इचारत्यात, कोनी केलं, कोनी केलं. तू मास्तर हायस का फौजदार?"

स्टाफरूम हसली. हेडसरसुद्धा हसले.

मी तेव्हाही सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. खिचडीच्या तांदळाचं आपलं नेहमीचं गणित घे. पुस्तकात उतरणीवरचं गणित नव्हतंच, ते आपण दोघं पदरचं घालत होतो. वीस किलोची गोणी, दोन मीटरची फळी, टेम्पोचा हौदा जमिनीपासून एक मीटर वर. हमाल एकसारख्या वेगानं गोणी ओढत वर नेतो. गुरुत्वाला दहा धर. हमालाचं कार्य अधिक दोनशे ऐंशी. गुरुत्वाचं वजा दोनशे. घर्षणाचं वजा ऐंशी. फळी गोणीला खालून काटकोनात रेटते, तिचं शून्य. सगळं मिळव. एकूण कार्य, शून्य! हमालाच्या अंगाला घामाच्या धारा आणि उत्तर शून्य. पोरगं हे लिहून मोकळं होतं आणि त्याला वाटतं काही झालंच नाही. म्हणून मी म्हणतो की 'किती' नंतर विचारा. आधी विचारा, कोणी केलं? चार बलं, चार ओळी, एकाखाली एक. प्रत्येकाला समोर उभं करून त्याचा जबाब घ्या. एकूण हा शब्द मोठा लबाड आहे.

तू म्हणालास, "एवढी फौजदारी करायला तास किती मिळतात आपल्याला? पोरांना एकच सांगायचं. वाट सोड, उंची बघ. गुरुत्वाला वाटेशी काय देनंघेनं? जिन्यानं जा, फळीवरनं जा, उंची तीच तर कार्य तेच."

"गुरुत्वाचं तेच. घर्षणाचं? वाट सोडली तर घर्षण कुठून काढशील? ते वाट जेवढी लांब तेवढं खाणार."

"घर्षन काय, नंतर बघू."

नंतर बघू! हे तुझं सगळ्यावरचं उत्तर होतं. रक्तदाब तपासायलाही तू नंतरच जाणार होतास.

एकदा नगरहून पेपर तपासून येताना आपली एसटी करंजी घाटात पहिल्या गिअरवर रडत चढत होती. तू खिडकीशी, मी शेजारी. तू म्हणालास, "सकाळी गेलो तवा हाच घाट उतारलो, आता चढतोय. जाताना गुरुत्वाचं जेवढं अधिक, येताना तेवढंच वजा. घरी पोचलो की शून्य. म्हंजी रशीद, आपण कुटं गेलोच न्हाई."

मी म्हटलं, "आणि टायर झिजले ते कोणी झिजवले? घर्षण जाताना वजा, येताना पुन्हा वजा. त्याची बेरीजच होत जाते. शेवटी आपण गेलो होतो याला साक्षीदार तेवढंच."

तू बराच वेळ बोलला नाहीस. मला वाटलं, जिंकलो. तू खिडकीबाहेर बघत होतास. मग म्हणालास, "भूक लागली. करंजीला भजी खाऊ." तुझ्याशी वाद घालणं म्हणजे असं होतं. जिंकायच्या बेताला आलं की तू भजी काढायचास.

पुढे मैदानापलीकडे नवी इमारत झाली आणि ब तुकडी तिकडे गेली. तेव्हापासून तू काय शिकवतोस ते मला ऐकू येईना. फक्त हसण्याचा आवाज यायचा. नुसतं हसणं ऐकू येणं हे त्याचं कारण माहीत असण्यापेक्षा फार वाईट, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग निलू नववीत आली. स्वतःच्या पोराला स्वतः शिकवायचं नाही, हा हेडसरांचा नियम. निलू ब तुकडीत. नियमानं तुझी झाली. मी हेडसरांना भेटलो, नियम कसा जुनाट आहे ते समजावलं, ते म्हणाले, "तांबोळी सर, भानुदास सरांकडं आहे ना, मग चिंता कसली?" चिंता तीच तर होती.

आमच्या घरात आम्ही आमची दखनी बोलतो. पण विज्ञान निघालं की निलू मराठीत शिरायची, कारण ते तिला मराठीत भेटलं होतं. आणि ती मराठी माझी नव्हती, तुझी होती. मी घरातही मराठी बोललो तर 'आहे' म्हणणारा माणूस. पोरगी जेवताना ताट पुढे ढकलून म्हणायची, "अब्बा, घर्षण लई खातं हां." हमीदा खुदकन हसायची. मी म्हणायचो, "घर्षण खात नाही. घर्षण बलाने केलेले कार्य ऋण असते." निलू म्हणायची, "तेच की." मी उतरणीचं एक गणित समजावून द्यायला बसलो तर म्हणाली, "राहू द्या, उद्या सरांना विचारते." सर! मग मी कोण होतो त्या घरात, भाडेकरू?

त्या वर्षी तांदळाचा टेम्पो आला तो दिवस तुला नक्की आठवत असेल. तू अख्खी नववी ब बाहेर काढलीस, फळी लावलीस आणि पोरांना गोणी वर ओढायला लावलीस, मग खाली सोडायला लावलीस. मी व्हरांड्यातून बघत होतो. फळीला खालून आधार नव्हता, मधे वाकत होती. मी तिथूनच ओरडलो, "फळी वाकली की कोन बदलतो! आणि घर्षणाचं काय?"

तू वळून माझ्याकडे बघितलंस. तुझ्या मिशीखाली ते हसू आलं.

"आलं बघा," तू पोरांना म्हणालास. "पोरांनो, गोणी वर नेताना घर्षन कुनीकडं?"

"खाली, सर!"

"खाली सोडताना?"

"वर, सर!"

"म्हंजी चढताना बी आडवं, उतारताना बी आडवं. कोनासारखं?"

पोरांनी व्हरांड्याकडे बघितलं. मैदान हसून फुटलं. त्या दिवसापासून मी 'घर्सन सर' झालो. अजून आहे. बाजारात एखादा बाप्या मला सलाम करतो आणि शेजारच्याला हळूच म्हणतो, "हे आमचे घर्सन सर," तेव्हा त्याला माझं खरं आडनाव आठवत नसतं.

नावाचं मला काही नाही. मास्तराला नाव पडतंच. पण हसणाऱ्यांत निलू होती, भानू. तिसऱ्या रांगेत, ओढणी तोंडाशी धरून.

त्यानंतर मी घरी विज्ञानाचा विषय काढला नाही आणि तिनंही नाही. अडलं की ती मागच्या गल्लीनं तुझ्या घरी जायची. वहिनींच्या ओसरीवर बसून गणितं सोडवायची आणि शेंगा खाऊन यायची. बारावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या शेजाऱ्यांना पेढे मिळायच्या आधी तुझ्या घरी पोचले. एम.एस्सी. झाली, बी.एड. झाली. मी विचारलं, एवढी शिकून मास्तरकीच करायची का? म्हणाली, "हो. सरांसारखी." मी तिचा बाप, त्याच शाळेतला, त्याच विषयाचा मास्तर, समोर बसलो होतो. तिला त्यात काही खटकलं नाही, हे जास्त लागलं.

तू गेलास त्या सकाळी ती तुझ्या अंगणात वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तसं रडताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो आणि मधेच थांबलो. मला वाटलं, हे रडणं माझ्या वाट्याचं नाही, मधे कशाला पडा. मीही रडलो, पण घरी येऊन, मोरीत, नळ सोडून. तुझ्यासाठी रडताना कोणी बघितलं असतं तर तुला कळलं असतं, आणि मग तू जिंकला असतास.

तर कावळ्यानं मंजुरी दिल्यावर हेडसरांनी वेळ लावला नाही. चाचणी तोंडावर आलेली. निलूला तासिका तत्त्वावर घेतलं आणि काल तिनं पहिला तास घेतला. नववी ब. तुझाच धडा, जिथे तू सोडला होतास तिथला.

वेळापत्रकात तो तिसरा तास, आणि मला तो मोकळा होता. नव्या इमारतीकडे माझं काही काम नसतं. टाकीवर पाणी प्यायला गेलो, असं कोणी विचारलं तर सांगणार होतो. वर्गाच्या मागच्या दाराशी, पोरांना दिसणार नाही असा उभा राहिलो.

तिनं सुरुवातीपासून घेतलं. "कार्य म्हणजे काय?"

"लगीन," कोणीतरी म्हणालं. पोरं हसली.

"अजून?"

मग खिडकीशी बसलेली एक पोरगी हळू आवाजात म्हणाली, "आपल्या सरांचं झालं ते."

निलूचा खडू हातातच राहिला. मला वाटलं आता ही रडणार, आणि मी आत जायला पाय उचललासुद्धा. पण ती म्हणाली, "हो. तेही. गाव हाललं होतं का नाही त्या दिवशी?"

"हाललं हुतं, मॅडम."

"हालल्याशिवाय कार्य नाही," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

सांगतो, मला अभिमान वाटला. आणि त्याच्या पाठोपाठ लगेच पोटात तेच नेहमीचं दुखायला लागलं, कारण तो सगळा तू होतास. हात हवेत फिरवायची लकब तुझी. वाक्याच्या शेवटी भुवई वर नेणं तुझं. तिनं फळी काढली, गोणी काढली, टेम्पो काढला, त्याला तुझ्यासारखी वाकडी चाकं काढली. "वाट सोडा, उंची बघा," ती म्हणाली, आणि मी मनात म्हटलं, झालं. नाकडोळे तेवढे माझे राहिले, बाकी पोरगी गेली. मी टाकीकडे वळलो.

"पण थांबा," निलू आत म्हणाली. "पेन खाली ठेवा. गणित सोडवायच्या आधी काय व्हायचं?"

आणि तुझा सगळा वर्ग एका दमात ओरडला, "फौजदार!"

"आणि विचारायचं काय?"

"कार्य कोनी केलं?"

भानू, नव्या इमारतीला स्लॅब आहे. तरी दणाणला.

मी दाराची चौकट धरून उभा होतो. तिनं फळ्यावर चार ओळी आखल्या, एकाखाली एक. हमाल, गुरुत्व, घर्षण, फळी. प्रत्येकापुढे कोरी जागा. पोरांच्या वह्यांत त्याच चार ओळी आधीपासून आखलेल्या होत्या. म्हणजे हे निलूनं आणलेलं नव्हतं. तू याही वर्षी शिकवलं होतंस. दरवर्षी शिकवत होतास. मैदानाच्या अलीकडे, स्टाफरूममध्ये, मला फौजदार म्हणून हसायचास. आणि पलीकडे गेलास की पोरांना फौजदार करायचास.

तास संपल्यावर ती बाहेर आली. मला बघून थबकली. "अब्बा? तुम्ही इथं?"

"पाणी प्यायला आलो होतो. ते फौजदाराचं... ते तुला कोणी शिकवलं?"

"सरांनी. आमच्या नववीत पहिल्याच गणिताला. दरवर्षीच्या पोरांना शिकवायचे." मग जरा थांबून, "का हो? चुकलं का काही?"

मी तोंड उघडलं. ओढ्यावर उघडलं होतं तसंच. समोर माझी पोरगी, खडूनं पांढरे झालेले हात, पहिला तास चांगला गेल्याचं तेज तोंडावर. मी 'ते माझं' म्हटलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं, कदाचित मानही डोलावली असती, आणि तिला वाटलं असतं की अब्बा मेलेल्या माणसाच्या हातातलंही ओढून घेतात.

"काही नाही," मी म्हटलं. "चांगलं आहे. सरांचंच ते."

ती हसली. "तुम्हाला आवडेल असं वाटलंच होतं," म्हणाली आणि पुढच्या तासाला गेली.

तिला खोटं सांगितलं, तुला खरं सांगतो. ते माझं होतं. नाव तू ठेवलंस, प्रश्न माझा होता, आणि तुला ते ठाऊक होतं. करंजीच्या घाटात तू गप्प बसला होतास तेव्हाच ठाऊक होतं, म्हणून तर भजी काढलीस. तो वाद मी जिंकलो होतो आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही. एकदा, फक्त एकदा, स्टाफरूममध्ये चहाचा कप खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणाला असतास की 'रशीद, तुझं बराबर हाय,' तर माझं जळणं निम्म्यावर आलं असतं.

निम्म्यावरच. काल रात्री जेवताना निलू म्हणाली, "अब्बा, घर्षण लई खातं हां," आणि हमीदा परत खुदकन हसली.